कैलास: कोरलेले की उघडे केलेले?

वेरूळच्या डोंगरात क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत. त्यांतले सोळावे म्हणजे कैलास. लेणे म्हटले की कड्याच्या पोटात आडवे शिरलेले, तोंडाशी उजेड आणि आत काळोख असलेले दालन डोळ्यांसमोर येते. कैलासाचे तसे नाही. उघड्या आभाळाखाली उभे असलेले ते पुरते शिवमंदिर आहे. समोर दुमजली गोपूर, मग नंदीमंडप, सोळा खांबांचा सभामंडप, अंतराळ, गर्भगृह आणि त्यावर द्राविड घडणीचे शिखर, असा सगळा सरंजाम आहे. फक्त त्यात दगडावर दगड ठेवलेला नाही. डोंगर उतरणीवर वरून खाली खणत नेला, मधला भाग राखला आणि त्या राखलेल्या कातळातून मंदिर काढले.

राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स. ७५६ ते ७७३ या वर्षांत, हे काम झाले असे मानले जाते. सुरुवात त्याच्या आधीच्या दंतिदुर्गाने केली आणि भर पुढच्या राजांनी घातली, असे कलेतिहासकार हर्मन गोएट्झ यांचे म्हणणे होते. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मुख्य मंदिराचे श्रेय कृष्णराजाच्याच पदरात टाकले. आजूबाजूच्या ओवऱ्या, लंकेश्वराचे लेणे, उत्तरेकडचे नदीदेवतांचे देवघर असे काही भाग मागाहून कोरले गेले असावेत, याबद्दल फारसा वाद नाही.

खड्डा सुमारे ८४ मीटर लांब आणि ४७ मीटर रुंद आहे. मागचा कडा सुमारे ३३ मीटर उभा तासलेला आहे. अंगणातून मोजले तर शिखर तीस मीटरच्या आसपास भरते. लांबी, रुंदी आणि कड्याची उंची या तीन मापांची पेटी धरली तर तिचे आकारमान एक लाख तीस हजार घनमीटर होते. डोंगर पुढच्या बाजूला उतरता असल्यामुळे तेवढा सगळा दगड तिथे कधीच नव्हता, आणि जो होता त्यातला बराच मंदिराच्या रूपाने अजून जागेवर आहे. म्हणून निम्माच हिशेबात घेतला तरी पासष्ट हजार घनमीटर खडक काढावा लागला. बेसॉल्टचा घनमीटर पावणेतीन-तीन टनांचा, तेव्हा एकूण वजन दोन लाख टनांच्या जवळपास जाते. अठरा वर्षे आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर रोज बारा घनमीटर. दोनशे चाळीस पाथरवट कामावर असतील तर एकाच्या वाट्याला दिवसाला सिमेंटच्या तीन पोत्यांच्या वजनाइतका दगड येतो. काम कष्टाचे खरे, पण अमानुष नव्हे. परग्रहावरून कोणी येऊन हे करून गेले, अशा कथा रंगवणाऱ्यांनी हा त्रैराशिकाचा हिशेब एकदा तरी मांडायला हरकत नव्हती.

पद्धत अशी सांगितली जाते. डोंगराच्या उतारावर आधी तीन चर खणले: दोन कड्याला काटकोनात आत जाणारे आणि तिसरा त्या दोघांची मागची टोके जोडणारा. चर खोल होत गेले तसा मधला ठोकळा डोंगरापासून तीन बाजूंनी सुटला. मग त्याच्या माथ्यावरून कोरायला सुरुवात झाली. माथ्याचे काम झाले की चर आणखी खाली न्यायचे, पुढचा थर उघडा करायचा आणि तो घडवायचा. यामुळे परांची बांधण्याचा प्रश्न जवळजवळ उरला नाही. पाथरवट ज्यावर उभा होता तो न खणलेला डोंगरच त्याची परांची होती, आणि ती रोज थोडी खाली जात होती. खड्ड्याच्या उभ्या भिंतींवर छिन्नीच्या तिरप्या रेघा आजही दिसतात. थोड्या अंतरावरच्या जैन लेण्यांत या मंदिराची लहान नक्कल आहे. तिसाव्या क्रमांकाच्या त्या लेण्याला छोटा कैलास म्हणतात. ती अर्धवट राहिली आहे, आणि अर्धवट राहिलेले काम हा पद्धतीचा चांगला साक्षीदार असतो.

वरून खाली येण्यात काही गमतीच्या उलटापालटी आहेत. कैलासाचे जोते सात-आठ मीटर उंच असून त्याच्या चहूबाजूंनी हत्ती आणि सिंह कोरले आहेत. बऱ्याच हत्तींच्या सोंडा तुटलेल्या आहेत, पण पुढचे पाय रोवून, मान किंचित झुकवून ते उभे आहेत, जणू सगळे मंदिर त्यांच्या पाठीवर तोलले आहे. प्रत्यक्षात त्यांच्या डोक्यावर काहीच भार नाही, कारण त्यांच्यामागे जोत्याचा भरीव कातळ आहे. शिवाय शिखर तयार होते तेव्हा हे हत्ती जन्मालाही आले नव्हते. बांधलेल्या देवळात पाया आधी आणि कळस शेवटी. इथे कळस आधी झाला आणि हत्ती त्याच्या खाली कित्येक वर्षांनी अवतरले. सभामंडपातले खांब, तुळया, तुळयांवरचे हस्त हे सारे बांधकामातून उचललेले आहे. बांधकामात तुळई खांबावर टेकवलेली असते. इथे खांब, तुळई आणि छत हा एकच दगड आहे. सांध्याची रेघ दिसते ती छिन्नीने ओढलेली.

असे काम करायचे तर पूर्ण आराखडा आधी हवा. बांधणाऱ्याची चूक झाली तर दगड काढून दुसरा बसवता येतो. कोरणाऱ्याने एकदा उडवलेली कपची परत चिकटत नाही. माथ्यावरचा कंगोरा कोरतानाच कित्येक मीटर खालचा उंबरठा कुठे येणार, हे सूत्रधाराच्या डोक्यात पक्के असावे लागते. तसा आराखडा तयार होता. पट्टदकलचे विरूपाक्ष मंदिर चालुक्य राजा दुसरा विक्रमादित्य याची राणी लोकमहादेवी हिने आठव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधून घेतले होते. कैलासाचा तळछंद आणि रचना त्याच्याशी इतकी जुळते की नाते लपत नाही. विरूपाक्षामागे कांचीचे कैलासनाथ उभे आहे. चालुक्यांचे राज्य राष्ट्रकूटांनी घेतले आणि त्याबरोबर त्यांची मंदिराची कल्पनाही घेतली. अखंड कातळातून देऊळ काढणेही अगदी नवे नव्हते. महाबलीपुरमचे रथ सातव्या शतकातले आहेत. पण ते पांडवांच्या नावाने ओळखले जाणारे रथ आणि हे प्रकरण यांत आकाराचा फरक इतका आहे की तुलना तिथेच थांबते.

कैलासाविषयीचा सर्वांत जुना अभिप्राय एका ताम्रपटात आहे. गुजरात शाखेचा राष्ट्रकूट राजा कर्क याचा हा बडोद्याचा ताम्रपट शक ७३४ चा, म्हणजे इ.स. ८१२-१३ चा. त्यातला एलापुराच्या डोंगरावरील मंदिराचा उल्लेख वेरूळच्या कैलासाचा आहे, हे रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी ओळखले. त्या उल्लेखाचा आशय असा: विमानातून जाणाऱ्या देवांनी हे मंदिर पाहिले आणि ते चकित झाले. हे शिवाचे स्वयंभू स्थान असले पाहिजे, माणसाने केलेल्या वस्तूला असे रूप येत नाही, असे त्यांना वाटले. ज्याने ते घडवले त्या शिल्पीलाही पुन्हा असे जमेल अशी खात्री उरली नाही. आपल्या हातून हे झाले तरी कसे, याचेच त्याला आश्चर्य वाटले.

राजस्तुतीतली अतिशयोक्ती म्हणून हे सोडून देता येईल. पण ताम्रपटाच्या कवीने वापरलेला स्वयंभू हा शब्द नुसता गौरवाचा नाही, त्याला शास्त्रात ठरलेला अर्थ आहे. आगमग्रंथ लिंगांचे प्रकार सांगतात तेव्हा स्वयंभू लिंग वेगळे आणि माणसाने घडवून प्रतिष्ठा केलेले मानुष लिंग वेगळे मानतात. कैलासापासून हाकेच्या अंतरावर घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. तिथे लिंग स्वयंभू आणि देऊळ बांधलेले. आजचे देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातले. कैलासाबाबत कवीने हे वर्गीकरण उलटे केले आणि देवळालाच स्वयंभू म्हटले. जे झाडासारखे जमिनीतून वर आलेले नाही, ज्यावर पिढीभर छिन्न्या चालल्या, त्याला स्वयंभू म्हणता येईल का? प्रश्न देवांच्या तोंडी घातला असला तरी तो तत्त्वज्ञांचा आहे, आणि भारतीय दर्शने त्यावर कैलासाच्या आधीपासून भांडत आली आहेत.

वादाचा मुद्दा एका वाक्यात सांगता येतो: कार्य उत्पन्न होण्यापूर्वी कारणात असते की नसते? असते म्हणणारे सांख्य सत्कार्यवादी. नसते म्हणणारे न्याय-वैशेषिक असत्कार्यवादी. मराठी बोलीत हे दोन्ही पक्ष शेजारीशेजारी नांदतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण असत्कार्यवाद्यांची. तिच्यात देवपण नव्याने ‘येते’. मूर्ती दगडात असतेच, नको तेवढे काढायचे, असे मूर्तिकार सांगतो तेव्हा तो सांख्य झालेला असतो.

ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेच्या नवव्या कारिकेत सत्कार्यवादाची पाच कारणे दिली आहेत. जे मुळात नाही ते कशानेही निर्माण होत नाही. प्रत्येक कार्याला ठरावीक उपादान लागते. कशातूनही काहीही होत नाही. ज्याच्यात जे करण्याची शक्ती आहे त्यातून तेच होते. आणि कार्य कारणाच्याच स्वभावाचे असते. तेल काढायला तीळ लागतात, वाळू चालत नाही. मग घाण्याने काय केले? त्याने तेल निर्माण केले नाही, प्रकट केले. सोळाव्या शतकातल्या विज्ञानभिक्षूने सांख्यसूत्रांवरच्या भाष्यात नेमका पाषाणातल्या मूर्तीचाच दाखला दिला आहे: शिल्पकाराच्या खटपटीने शिळेतल्या प्रतिमेची केवळ अभिव्यक्ती होते. योगसूत्रांच्या चौथ्या पादात याहून सुंदर उपमा येते, ती शेतकऱ्याची. शेतकरी पाणी ढकलत नेत नाही. तो पाटाचे दार मोडतो आणि पाणी आपल्या ओढीने वाफ्यात उतरते. निमित्त फक्त आवरण दूर करते.

कैलासाला ही उपमा लावली की तिची ताकदही दिसते आणि मर्यादाही. ताकद अशी की वेरूळच्या कारागिराने खरोखरच फक्त आवरण दूर केले. बाहेरून त्याने काहीही आणले नाही. मर्यादा अशी की पाण्याला उताराची ओढ असते, तशी बेसॉल्टला शिखराची ओढ नसते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक निवले आणि दख्खनचा हा काळा कातळ तयार झाला. त्यात आडवे थर आणि उभ्या भेगा आहेत. कारागिराने त्यांची दखल घेतलीच असेल, पण त्या भेगा कुठे गोपुराची खूण करत नाहीत. त्याच डोंगरात बौद्धांना विहार सापडले, जैनांना इंद्रसभा सापडली. कातळात कैलास होता म्हणावे, तर त्याच जागेत न कोरलेली हजार मंदिरेही होती म्हणावे लागते. सगळेच आत असेल तर ‘आत होते’ या म्हणण्यात काही सांगितल्यासारखे होत नाही. सांख्यांची बाजू इथे पडते असे नाही, पण ती फार पातळ होते.

न्याय-वैशेषिकांची अडचण वेगळीच आहे. त्यांच्या मते अवयवांच्या संयोगातून अवयवी नावाचे नवे द्रव्य उत्पन्न होते. तंतू जोडले की पट होतो, आणि तो तंतूंपेक्षा वेगळा असतो. चिरेबंदी मंदिराला हे छान लागू पडते: चिरे होते, मंदिर नव्हते, चिरे जुळले, मंदिर झाले. कैलासात मात्र काहीच जुळलेले नाही. जे घडले तो सगळा विभाग आहे, म्हणजे सुटे होणे. तरी हे दार्शनिक हटले नसते, कारण वस्त्राचा तुकडा फाडला की काय होते याचे उत्तर त्यांनी देऊन ठेवले आहे. एक अवयव गेला की जुना अवयवी नाश पावतो आणि उरलेल्या अवयवांच्या संयोगातून नवा, तोकडा अवयवी जन्मतो. हा सिद्धांत खड्ड्याच्या काठावर उभे राहून वाचला तर चित्र विलक्षण होते. छिन्नीचा प्रत्येक घाव जुना डोंगर संपवतो आणि एका कपचीने लहान असा नवा डोंगर उभा करतो. अठरा वर्षांत असे असंख्य डोंगर होऊन गेले, आणि त्यांतल्या शेवटच्याचे नाव कैलास. हे हास्यास्पद वाटेल, पण तर्कात चूक काढणे सोपे नाही. शिवाय यात एक गोष्ट नीट सांगितली जाते, जी सांख्यांच्या मांडणीत निसटते: मंदिर एका विशिष्ट दिवशी नव्हते आणि नंतरच्या एका दिवशी होते.

उपनिषदांची ‘नेति नेति’ ही वाट कैलासाच्या रीतीशी जुळवण्याचा मोह अनेकांना होतो. याज्ञवल्क्य ब्रह्माविषयी हेही नव्हे, तेही नव्हे असे म्हणत जातो, तसाच कारागीर हेही नको, तेही नको म्हणत दगड काढतो. साम्य वरवरचे आहे. याज्ञवल्क्याचा नकार कुठल्याही आकारापाशी थांबत नाही. पाथरवट थांबतो, आणि कुठे थांबायचे हे कळणे हीच त्याची विद्या. हत्तीच्या गंडस्थळावरून एक घाव जास्त गेला तर हत्तीही जातो आणि ब्रह्मही हाती लागत नाही.

अद्वैत्यांना कैलासासाठी जास्त जवळचा दाखला छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात सापडतो. उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की मातीचा एक गोळा कळला की मातीचे सगळे कळते. घट, परळ ही फक्त नावे, खरी ती माती. घट भाजला, बाजारात गेला की मातीच्या खाणीशी त्याचा संबंध तुटतो. कैलासाचा तुटलेला नाही. त्याचे जोते खाली डोंगरात तसेच उतरत जाते. मंदिराचा तळ आणि डोंगराचा कातळ यांच्यामध्ये सुरी घालण्याइतकीही फट नाही. म्हणजे मंदिर झाल्यावरही तो डोंगर राहिलाच आहे. नामरूपाचा हा मुद्दा उद्दालकाच्या मडक्यापेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसतो. पोकळीचेही तसेच. सभामंडपाच्या आतली जागा कारागिराने ‘केली’ असे म्हणतात, पण गौडपादाने मांडूक्यकारिकेच्या तिसऱ्या प्रकरणात घटाकाशाविषयी जे म्हटले ते इथेही लागू पडते. आकाश जन्मत नाही. भिंती उभ्या राहतात आणि आकाशाला आतले-बाहेरचे ही नावे मिळतात.

अद्वैताच्या या मांडणीत मात्र कारागीर कुठेच दिसत नाही, आणि कैलासापुरती ही उणीव मोठी आहे. कातळ सत्य, रूप नाममात्र असे म्हटले की विरूपाक्षाचा आराखडा, चरांची खोली, जोत्याची उंची या साऱ्या गोष्टी दृष्टिआड होतात. लोककथेला कारागीर विसरता येत नाही. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’त एक कथा आहे. एका राजाच्या आजारपणात राणीने शिवाला नवस बोलला: राजा बरा झाला तर मंदिर उभारीन, आणि शिखर दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा झाला. मंदिर पुरे व्हायला महिनोन् महिने लागतील असे कारागीर सांगू लागले. पैठणच्या कोकस नावाच्या सूत्रधाराने मात्र आठवड्यात शिखर दाखवतो असे सांगितले, आणि त्याने माथ्यापासून सुरुवात केली. ही कथा इतिहास नाही, पण तिला वरून खाली कोरण्याचे मर्म अचूक कळले आहे. एरवी ज्या मंदिरात कळस ही शेवटची, समाप्तीची गोष्ट, तिथे तो सर्वांत आधी झाला आणि गर्भगृह, म्हणजे देवाची जागा, त्याच्या नंतर. भक्ताला आधी दर्शन झाले आणि मग देव आला, असाच तो क्रम.

मराठीतला सर्वांत नेमका विचार ज्ञानदेवांच्या ‘अमृतानुभवा’त, ज्ञानी भक्ताविषयीच्या नवव्या प्रकरणात येतो. प्रश्न अद्वैताचाच आहे: सगळे एकच असेल तर कोणी कोणाची भक्ती करायची? त्यावर ज्ञानदेव डोंगर कोरून केलेल्या देवळाचे उदाहरण देतात. तिथे देव, देऊळ आणि देवाचा परिवार हे सगळे एकाच डोंगराचे असतात, तरी पूजेचा व्यवहार अडत नाही. मग भक्तीचा व्यवहार एकत्वात का चालू नये? पैठणच्या परिसरातल्या माणसाला हा दाखला सुचावा यात नवल नाही. त्यांनी ‘मंदिर कातळात होते की नव्हते’ या वादात उडीच घेतलेली नाही. त्यांना उत्पत्तीचे कोडे सोडवायचे नाही. उत्पत्तीनंतर काय चालते ते पाहायचे आहे. कैलासात नंदी शिवाकडे तोंड करून बसला आहे. दोघांमध्ये पुलाची वाट आहे, मंडप आहे, अंतराळ आहे, आणि सगळे एकाच कातळातले आहे. कातळ एक असला तरी अंतर खरे आहे, कारण दर्शनाला आलेल्या माणसाला ते चालून जावे लागते.

दक्षिण बाजूला जोत्याजवळ रावणानुग्रहाचे शिल्प आहे. खोल कपारीत, पाठीमागच्या दगडापासून जवळजवळ सुटलेला रावण वीस हातांनी कैलास पर्वत हलवू पाहतो आहे. वर पार्वती शिवाला बिलगली आहे, एक सखी घाबरून पळते आहे, आणि शिवाने पायाच्या अंगठ्याने पर्वत दाबून ठेवला आहे. रावण ज्या दगडाचा, त्याच दगडाचा पर्वत. ज्ञानदेवांचा मुद्दा इथे विरोधालाही लागू होतो, फक्त भक्तीला नाही.

कातळ एकसंध असल्याचे हे सारे कौतुक पाहणारे आजचे डोळे करतात. मंदिर घडवणाऱ्यांना ते तसे दाखवायचे नसावे. कोरणे संपल्यावर त्यांनी त्यावर चुन्याचा गिलावा चढवला आणि रंगही दिले. मंदिर हिमाच्छादित कैलासासारखे शुभ्र दिसावे हा त्यामागचा हेतू होता असे मानले जाते. पुढे कधीतरी लोक त्याला रंगमहाल म्हणू लागले, ते या रंगांमुळेच. काढून टाकण्यानेच झालेल्या या कामात जोडून घातलेली मोठी गोष्ट ही एवढीच, आणि तीच टिकली नाही. छतांवर आणि कोनाड्यांच्या आडोशाला एकावर एक चढवलेल्या थरांचे पोपडे अजून चिकटून आहेत. बाकी बाराशे पावसाळ्यांत गिलावा उतरला आणि खालचा काळा डोंगर पुन्हा दिसू लागला.